एक अंगक, एक नमुना: खान्देशातल्या शेतमालातून पेशी कशी शिकवावी

पेशीची आकृती पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण येते ती पाठ झालेल्या मुलासमोर सूक्ष्मदर्शी ठेवल्यावर. ते डोळा लावतं आणि विचारतं, ‘सर, यात तंतुकणिका कुठंय?’ ती तिथे दिसत नाही. गॉल्गी संकुल दिसत नाही, लयकारिकाही नाही. मुलाला वाटतं काचपट्टी चुकली, शिक्षकाला वाटतं यंत्र जुनं झालं.

चूक दोघांचीही नाही. पुस्तकातली पेशी तशीच्या तशी कुठेच सापडत नाही. वेगवेगळ्या पेशींमध्ये, वेगवेगळ्या यंत्रांनी, दीड-दोनशे वर्षांत जे दिसत गेलं ते सगळं एका चित्रात आणून बसवलंय. खरी पेशी कामापुरतीच अंगकं, म्हणजे ठरावीक काम करणारे आतले भाग, बाळगते. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक नसतं, आपल्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, आणि पिकलेल्या कापसाच्या धाग्यात तर भिंतीखेरीज जवळजवळ काहीच उरत नाही.

म्हणून मी एक साधा नियम धरतो: एका अंगकासाठी एक नमुना, जिथे ते ठळक दिसतं तो. या बाबतीत जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं नशीब चांगलं आहे. कांदा, केळी, मिरची, कापूस, सगळं घरात नाहीतर शेजारच्या शेतात मिळतं. खाली क्रम दिलाय तो शिकवण्याच्या सोयीचा आहे. आठवीच्या पेशीअंगकांच्या धड्याला तो पुरून उरतो आणि नववी-दहावीलाही कामाला येतो.

आधी सामान

शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शी पुरे. नेत्रिका 10 पट आणि वस्तुभिंगं 10 व 40 (काहींवर 45) पट, म्हणजे एकूण 100 आणि 400 पट. सूक्ष्मदर्शी नसेल तर फोल्डस्कोप चालेल. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा कागदी सूक्ष्मदर्शी सुमारे 140 पट मोठं दाखवतो. कांदा, मिरची, केळी त्यात नीट दिसतात.

बाकी काचपट्ट्या, कव्हरस्लिप, चिमटा, ड्रॉपर, नवं ब्लेड आणि टिपकागद. ब्लेड मधोमध तोडून एका बाजूला चिकटपट्टी लावा आणि ते मुलांच्या हातात न देता स्वतः वापरा. रंगासाठी दोनच द्रावणं लागतात. पहिलं आयोडीन. प्रयोगशाळेतलं नसेल तर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकट चहाच्या रंगाचं करून घ्या. दुसरं मिथिलिन ब्लू, जे शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातही मिळतं. कपड्यांना लागलं तर सहजासहजी निघत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. बोअरचं पाणी जड असतं. थेंब सुकू लागला की काचेवर क्षारांचे स्फटिक उमटतात आणि मुलं तेच पेशीचा भाग म्हणून वहीत काढतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे दुपारी कव्हरस्लिपखालचं पाणी बघता बघता आटतं. प्रयोग सकाळच्या शाळेत करा, आणि काचपट्टी जास्त वेळ ठेवायची असेल तर पाण्यात थेंबभर ग्लिसरीन मिसळा. खारट पाण्याच्या प्रयोगात मात्र ग्लिसरीन अजिबात नको. ते स्वतःच पेशीतलं पाणी ओढतं.

यंत्र लावणं आणि क्षेत्र मोजणं

आरसा उजेडाकडे करा, सूर्याकडे कधीच नाही. थेट ऊन आरशातून डोळ्यात गेलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतला पांढरा उजेड पुरतो.

सुरुवात नेहमी 10 च्या भिंगाने. मोठ्या स्क्रूने भिंग काचपट्टीच्या जवळ न्यायचं ते बाजूने बघत, आणि मग डोळा लावून वर उचलत प्रतिमा मिळवायची. 40 च्या भिंगावर आल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. हा नियम मोडल्याने फुटलेल्या कव्हरस्लिपा आणि ओरखडलेली भिंगं पुष्कळ शाळांच्या कपाटांत सापडतील.

मंचाखालचा पडदा थोडा बंद केला की पेशींच्या कडा उठून दिसतात. रंग न दिलेल्या नमुन्यासाठी तर ही युक्ती हवीच. बहुतेक जण उजेड वाढवत जातात आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात.

आता एक काम असं, जे फारसं कुणी करत नाही. काचपट्टीच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि 100 पटीत गोलाच्या व्यासात किती मिलिमीटर मावतात ते बघा. दीड ते दोनच्या आसपास येतील. समजा 1.8 मिमी आले, तर ते 1800 मायक्रोमीटर झाले. 400 पटीत हेच क्षेत्र एक चतुर्थांश, म्हणजे 450 मायक्रोमीटर. हे दोन आकडे यंत्राच्या बुडाशी चिठ्ठी लावून लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पेशीची लांबी यावरून काढता येते. 1800 च्या क्षेत्रात कांद्याच्या सहा पेशी ओळीने मावल्या तर एक पेशी 300 मायक्रोमीटरची.

कांदा: भित्तिका आणि केंद्रक

कांद्याची मांसल पाकळी घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढला की पातळ, पारदर्शक पडदा सुटतो. तो लगेच पाण्यात टाका, हवेत गुंडाळला जातो. मग पाण्याखालीच अर्ध्या सेंटिमीटरचा चौकोन कापून काचपट्टीवरच्या थेंबात सपाट पसरा. वर आयोडीनचा थेंब टाकून मिनिटभर थांबा. कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडा.

काळ्या जाड कडेचे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे. दरवर्षी कुणीतरी त्यालाच केंद्रक म्हणून नाव देतं.

पहिल्यांदा नजरेत भरतात त्या लांबट पेशींच्या कडा. ही पेशीभित्तिका, मुख्यतः सेल्युलोजची. ती पेशीला आकार आणि आधार देते आणि आत पाणी भरलं तरी पेशी फुटू देत नाही. 1665 मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या त्या खरं तर एवढ्याच होत्या, मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका.

प्रत्येक पेशीत पिवळसर-तपकिरी ठिपका दिसेल, तो केंद्रक. मुलांना तो नेमका कुठे आहे हे बघायला लावा. बहुतेक पेशींत तो मध्यभागी दिसत नाही, कडेला सरकलेला असतो. कारण मधली मोठी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, अडवलीय आणि पेशीद्रव्य भित्तिकेलगत पातळ थरासारखं उरलंय. रिक्तिका स्वतः दिसली नाही तरी केंद्रकाच्या जागेवरून ती कळते. अशी खूण वाचायला शिकणं मला नावं पाठ करण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

केंद्रकाला हे नाव रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये दिलं, ऑर्किडच्या पेशी तपासताना. केंद्रकात गुणसूत्रं असतात आणि गुणसूत्रांत डीएनए. कोणतं प्रथिन कधी आणि किती बनवायचं याच्या सूचना तिथून निघतात. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं, माणसाच्या पेशीत 46. रावेर-यावलकडे घेतल्या जाणाऱ्या ग्रँड नैन केळीत 33 असतात. तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, त्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत आणि फळात बी धरत नाही. बी नाही म्हणून लागवड कंदाने किंवा टिश्यूकल्चरच्या रोपाने करावी लागते. शेंड्याच्या कोवळ्या पेशींपासून सबंध झाड उभं राहतं, कारण अख्ख्या झाडाच्या सूचना त्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असतात. शाळेजवळ रोपवाटिका असेल तर हे तिथे जाऊनच शिकवा.

कांद्यात आयोडीनने काहीही निळं-काळं झालं नाही हेही वहीत लिहून घ्या. कांदा पिष्ट साठवत नाही. आणि हिरवा कण एकही दिसला नाही, कारण साठवणीच्या या पाकळ्यांवर उजेड पडत नाही. वनस्पती म्हटलं की हरितलवक असणारच, हा समज इथेच मोडायचा.

लाल कांदा आणि मीठ: प्रद्रव्यपटल, रिक्तिका

हा प्रयोग एकच करायला वेळ असेल तर हाच करा.

गडद लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची, फुगीर बाजू घ्या. तिथला जांभळा पापुद्रा आतल्यापेक्षा चिवट असतो. ब्लेडने बारीक चौकट आखून चिमट्याने ओढा. रंग न देता नुसत्या पाण्यात ठेवून बघा. काही पेशी जांभळ्या, काही रंगहीन असतात, पण रंगीत पेशीत रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. अँथोसायनिन नावाचं हे रंगद्रव्य रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेलं असतं. म्हणजे जांभळा दिसणारा जवळजवळ सगळा भाग रिक्तिकाच आहे. ती केवढी मोठी असते हे इथे डोळ्यांना दिसतं.

आता 100 मिलि पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. खारट पाणी आत ओढलं जाईल. नजर एकाच पेशीवर ठेवा. थोड्याच मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून आक्रसू लागतो, भित्तिका मात्र जागची हलत नाही. आत जांभळा गोळा, बाहेर रिकामी चौकट. त्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. एरवी भित्तिकेला चिकटून असल्यामुळे ते वेगळं दिसूच शकत नाही.

घडलं ते असं. प्रद्रव्यपटल निवडक्षम आहे, पाण्याला सहज वाट देतं, मिठाला तशी देत नाही. बाहेरचं द्रावण जास्त दाट झालं म्हणून आतलं पाणी परासरणाने बाहेर गेलं. या आक्रसण्याला रससंकोच म्हणतात. भित्तिकेतून मात्र मीठ आणि पाणी दोन्ही जातात, तिला निवड करता येत नाही. दोघींच्या कामातला फरक इथे जसा कळतो तसा तक्त्यावरून कळत नाही.

लगेच साधं पाणी सोडून टिपून घ्या. गोळा पुन्हा फुगून चौकट भरतो. पेशी अजून जिवंत असल्याची ती खूण. फार वेळ खारट पाण्यात राहिली असेल तर परत फुगत नाही.

शेतकऱ्याच्या घरातलं मूल हे पटकन धरतं. कोरड्या जमिनीत बुंध्याशी युरिया जास्त पडला की रोप करपतं, तिथेही मुळाच्या पेशींबाहेरचं पाणी दाट झालेलं असतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर रात्रभरात पाणी सुटतं तेही याच कारणाने.

रिक्तिकेचं काम नुसतं पाणी साठवणं नाही. आतून दाब देऊन ती पानं-देठं ताठ ठेवते. रंग, आम्लं आणि टाकाऊ द्रव्यंही तिच्यात जातात. अळूचं पान कच्चं राहिलं की घसा खाजतो, कारण त्याच्या काही पेशींच्या रिक्तिकांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळूच्या देठाचा पातळ काप पाण्यात बघा, सुयांच्या जुड्या सापडतील. हात मात्र धुवा. प्राणिपेशीतही रिक्तिका असतात, पण लहान आणि तात्पुरत्या.

पाणवनस्पती: हरितलवक

हायड्रिला नावाची पाणवनस्पती कालव्यात, तलावात, धरणाच्या फुगवट्यात मिळते. हतनूरकडे किंवा गिरणेच्या काठी जाणार असाल तर काठावरूनच काठीने ओढा, पाण्यात उतरू नका. शोभेच्या माशांच्या दुकानातही ती असते. शेंड्याजवळचं एक कोवळं पान तोडून पाण्याच्या थेंबात आडवं ठेवा. कापायची गरज नाही, पान दोनच पेशी जाड असतं.

400 पटीत भित्तिकेलगत हिरवे गोलसर कण ओळीने दिसतील. तीच हरितलवकं, प्रत्येकाचा व्यास साधारण 5 मायक्रोमीटर. काचपट्टी काही मिनिटं उजेडात राहू द्या. मग पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांब पेशी बघा. हरितलवकं भित्तिकेला धरून एकामागून एक सरकू लागतात. वर्गातलं कुणीतरी ओरडतंच, ‘सर, हाई ते चालस!’ त्यांना पाय नाहीत. पेशीद्रव्य फिरतं, त्याबरोबर ती वाहतात. पेशीद्रव्य म्हणजे पेशीत भरलेला निपचित चिखल नव्हे, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

हरितलवकातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं. त्या ऊर्जेवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. हरितलवकाला स्वतःचा डीएनए आणि स्वतःचे रायबोझोम (प्रथिनं बनवणारे बारीक कण) असतात. तंतुकणिकेलाही असतात. फार पूर्वी हे दोन्ही स्वतंत्र जिवाणू होते आणि मोठ्या पेशीत शिरून तिथेच राहिले, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये जोरकसपणे मांडला. सुरुवातीला त्यांचा लेख बऱ्याच नियतकालिकांनी नाकारला होता. आज पाठ्यपुस्तकं तो विचार स्वीकारतात.

मिरची आणि केळी: बाकीची लवकं

नंदुरबारच्या मिरचीचं नाव लांबवर आहे, तिच्याकडून वर्णलवक, म्हणजे रंग साठवणारा कण, शिकू. वाळलेली नको, ओली लाल मिरची घ्या. तिचा पातळ तुकडा आतल्या बाजूने ब्लेडने खरवडून घ्या आणि राहिलेली साल पाण्यात ठेवून बघा. पेशींत नारिंगी-लाल दाणे दिसतील. लाल कांद्याशी ताडून पाहा: तिथे रंग पाण्यात विरघळलेला होता, इथे कणांत बांधलेला आहे. कुठल्याही फळाफुलाचा रंग रिक्तिकेतला की लवकातला, हे मूल आता स्वतः ठरवू शकतं. गाजर, झेंडू, जास्वंद त्यांनाच आणायला सांगा.

हिरवी मिरची लाल होते तेव्हा तिची हरितलवकंच वर्णलवकं बनतात. हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्यं साठतात. अर्धी हिरवी अर्धी लाल मिरची मिळाली तर दोन्ही टोकांचे तुकडे शेजारी ठेवा. हाताला तिखट लागतं, डोळ्याला लावू नका, ही सूचना आधी द्या.

केळीसाठी तीन फळं हवीत: पूर्ण हिरवं, अर्धवट पिकलेलं आणि चांगलं पिकलेलं. प्रत्येकाच्या गरातून दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढाच भाग घेऊन काचपट्टीवर पसरा आणि पातळ आयोडीनचा थेंब द्या. हिरव्या केळ्यात पेशी गच्च भरलेल्या निळ्या-काळ्या दाण्यांच्या दिसतात. हे पिष्टाचे कण, आणि ते ज्या रंगहीन लवकांत साठतात ती अवर्णलवकं. अर्धवट पिकलेल्यात दाणे विरळ होतात. पिकलेल्यात जवळजवळ नाहीसे झालेले असतात. हिरव्या गरात वजनाच्या सुमारे 20 टक्के असलेलं पिष्ट पिकताना साखरेत बदलून एक-दोन टक्क्यांवर येतं.

पिकलेल्या केळ्यात आणखी एक गोष्ट बघा. पेशी सुट्या-सुट्या तरंगतात, तर हिरव्यात त्या एकमेकींना घट्ट धरून असतात. शेजारच्या भित्तिकांना जोडून ठेवणारं पेक्टिन पिकताना विरघळतं, म्हणून फळ मऊ होतं. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात तेव्हा घडतं ते एवढंच. वायूचा संदेश पेशीला पोचतो, केंद्रकातले ठरावीक जनुक चालू होतात, विकरं बनतात. काही विकरं पिष्ट मोडतात, काही पेक्टिन.

कापूस: एक पेशी, पट्टीने मोजता येणारी

सरकीवरचा एक धागा काळजीपूर्वक ओढून काळ्या कागदावर सरळ करा आणि पट्टीने मोजा. 25 ते 30 मिमीच्या आसपास भरेल. जिनिंगमध्ये कापसाचा भाव ज्या लांबीवर ठरतो ती ही लांबी, आणि ती एकाच पेशीची आहे. फूल उमलतं त्याच सुमारास सरकीच्या सालीवरच्या काही पेशी बाहेर वाढू लागतात. आतली रिक्तिका पाणी भरून दाब देते आणि भित्तिका ताणली जाते, असं सुमारे तीन आठवडे चालतं. मग आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. बोंड फुटेपर्यंत पेशीद्रव्य मरतं, पाणी उडून जातं, आणि पोकळ नळी चपटी होऊन पिळली जाते. काचपट्टीवर पाण्यात हा धागा पिळदार फितीसारखा दिसतो. पक्व धाग्यात 90 टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. आपल्या अंगावरचा सुती सदरा म्हणजे निव्वळ पेशीभित्तिका.

पेशी डोळ्यांना दिसतच नाही, असं वहीत लिहिलेलं असेल तर ते वाक्य इथे खोडायला लावा. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलकही, अंडं फलित नसेल तर, एकच पेशी असतो.

गालाची पेशी: प्राण्यांकडे

चूळ भरून घ्या. नव्या इअरबडने गालाची आतली बाजू हलक्या हाताने घासा आणि काचपट्टीवर पातळ थर द्या. हवेत सुकू द्या. मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून मिनिटभर ठेवा, मग पाण्याची हलकी धार सोडून जास्तीचा रंग काढा आणि कव्हरस्लिप ठेवा. ज्याने त्याने आपलीच काचपट्टी हाताळायची. वापरलेले बड आणि काचपट्ट्या ब्लीचच्या पाण्यात टाकायच्या. रक्ताचा प्रयोग वर्गात करू नका, तयार काचपट्टी विकत मिळते.

फिकट निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या पेशी दिसतात, साधारण 50 ते 60 मायक्रोमीटर रुंद. केंद्रक गडद निळं आणि बहुधा मध्याजवळ असतं, कारण त्याला कडेला ढकलणारी मोठी रिक्तिका इथे नाही. ठरावीक चौकट नाही, कारण भित्तिका नाही. बाहेरची कड म्हणजे प्रद्रव्यपटलच. पेशीवर पसरलेले अगदी बारीक निळे ठिपके तोंडातल्या जिवाणूंचे आहेत. ते रायबोझोम नव्हेत.

भित्तिका नसल्याचा परिणाम रक्तपेशीत फार स्पष्ट होतो. साध्या पाण्यात टाकली तर ती पाणी शोषून फुटते, वनस्पतिपेशी त्याच पाण्यात फक्त ताठ होते. म्हणून दवाखान्यात सलाइन देतात ते 0.9 टक्के मिठाचं, रक्तपेशींना समपरासारी, म्हणजे त्यांच्या आतल्याइतकंच दाट. उलट बाजूही आहे. भित्तिका नसल्यामुळेच पांढरी रक्तपेशी आकार बदलत जंतूला वेढू शकते आणि स्नायूची पेशी आखडू शकते. प्राण्यांच्या पेशीत केंद्रकाजवळ तारककाय असतं, पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे धागे तिथून उभे राहतात. आपल्या पिकांच्या पेशी त्याच्याशिवायच विभागतात. गालाच्या काचपट्टीत ते शोधू नका, दिसणार नाही.

जे दिसत नाही ते कसं शिकवायचं

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा सुमारे 0.2 मायक्रोमीटर. त्याहून जवळचे दोन बिंदू तो वेगळे दाखवू शकत नाही. तंतुकणिका अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद, म्हणजे खास रंग आणि चांगलं भिंग असेल तर जेमतेम दिसेल. रायबोझोम 20 ते 30 नॅनोमीटरचे, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीशिवाय अशक्य. मुलांना हे सरळ सांगा. अंदाजाने ठिपके काढून नावं देऊ नका.

ही अंगकं यादी करून शिकवली की लगेच विसरली जातात. त्यापेक्षा एका पदार्थाचा प्रवास घ्या. ज्वारीची भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते, कारण लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्ट मोडतं. ते विकर येतं कुठून? लाळग्रंथीच्या पेशीत केंद्रकातल्या जनुकाची आरएनए प्रत निघते आणि बाहेर येते. आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर, चिकटलेले रायबोझोम ती वाचून अमिनो आम्लं जोडत जातात आणि साखळी जालिकेच्या आत सोडतात. तिथे तिची घडी बसते. मग ती पिटिकांतून, म्हणजे पडद्याच्या लहान पिशव्यांतून, गॉल्गी संकुलात जाते, तिथे फेरफार होतो आणि कुठे पाठवायचं ते ठरतं. पुन्हा पिटिकेत भरून ती प्रद्रव्यपटलापर्यंत पोचते आणि बाहेर टाकली जाते. रायबोझोम, जालिका, गॉल्गी आणि पटल हे चौघं एका गोष्टीत आले. कामिलो गॉल्गी यांनी हे संकुल 1898 मध्ये चेतापेशींत पाहिलं तेव्हा ते खरं आहे की रंगाचा डाग, यावर वाद झाला. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आल्यावर मिटला.

लयकारिकेत पचवणारी विकरं असतात, आत आलेले जंतू आणि निकामी झालेली अंगकं ती मोडते. क्रिस्तियाँ द द्यूव यांनी ती 1955 मध्ये ओळखली. बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होण्यातही तिचा वाटा आहे. वनस्पतींत हे काम बरंचसं रिक्तिका करते.

तंतुकणिकेबद्दल एक घोटाळा बारावीपर्यंत टिकतो: प्राण्यांत तंतुकणिका, वनस्पतींत हरितलवक. चूक. वनस्पतींत दोन्ही असतात. हरितलवक साखर बनवतं, तंतुकणिका ऑक्सिजन वापरून ती मोडते आणि एटीपीच्या रूपात वापरता येईल अशी ऊर्जा देते. झाडाच्या मुळांमध्ये हरितलवक नाहीच, तिथे सगळी भिस्त तंतुकणिकेवर. पावसाच्या मोठ्या खंडानंतर काळ्या जमिनीत एकदम पाणी साचलं की कपाशीची झाडं पाण्यात उभी असून माना टाकतात. आकस्मिक मर म्हणतात तिला. मातीतली हवा पाण्याने हटवली, मुळांच्या पेशींना ऑक्सिजन मिळेना, मग ऊर्जा तुटली आणि मुळं पाणी ओढेनात. कृषी सहायक वाफसा आणायला सांगतात, तो या तंतुकणिकांसाठीच.

वहीत काय काढायचं

प्रत्येक नमुन्याची आकृती पेन्सिलने, जेवढं दिसलं तेवढीच. खाली नमुन्याचं नाव, रंग, किती पट आणि अंदाजे लांबी. नावांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका. परीक्षेची आकृती वेगळ्या पानावर काढा आणि तिच्यातल्या प्रत्येक अंगकाशेजारी लिहा: ‘पाहिलं, मिरचीत’, ‘पाहिलं, लाल कांद्यात’ किंवा ‘पाहिलं नाही’. वर्षअखेरीस ‘पाहिलं नाही’च्या रकान्यात तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी, लयकारिका आणि तारककाय एवढीच नावं उरली, तर काम नीट झालं.

काम संपल्यावर 10 चं भिंग खाली आणून ठेवा आणि भिंगं मऊ कापडाने किंवा लेन्सच्या कागदानेच पुसा, ओढणीच्या टोकाने नाही. मीठ आणि आयोडीन मंचावर सांडलं असेल तर लगेच ओल्या फडक्याने टिपा, धातू गंजतो. पावसाळ्यात बंद कपाटात भिंगांवर बुरशी धरते. बूट-चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून यंत्राच्या पेटीत टाका आणि दर महिन्याला त्या उन्हात वाळवा.